लष्करासाठी शेतजमीन जाणार म्हणतायत? मग आधी हे कागद बघा

गावात अशी बातमी कधीच पूर्ण येत नाही. कुणीतरी जीपमधून आलं, बांधावर दगड रोवून गेलं, तलाठी म्हणतो वरून आलंय मला काही माहीत नाही, आणि संध्याकाळपर्यंत पारावर भाव पण ठरलेला असतो, एकरी इतके कोटी वगैरे. लष्कराच्या कामाला जमीन लागते तेव्हा ती द्यायची की नाही हे शेतकऱ्याच्या हातात फार कमी असतं, हे आधीच सांगून टाकतो, कारण उगाच आशा लावण्यात अर्थ नाही. खासगी कंपनीसाठी ८० टक्के लोकांची संमती लागते, सरकारी-खासगी भागीदारीत ७० टक्के, पण सैन्याच्या कामाला संमतीची अटच नाही. पण कुठल्या कायद्याखाली जातेय, किती जातेय, मोजणीत काय धरलं, काय सुटलं आणि पैसे घेताना तुम्ही कुठं काय लिहून सही केली, हे सगळं बऱ्यापैकी तुमच्या हातात असतं आणि खरा पैसा तिथंच मिळतो किंवा बुडतो.

पहिलं काम: नोटीस कुठल्या कायद्याची आहे ते शोधा

लोक सरसकट ‘मिलिटरीनं जमीन घेतली’ म्हणतात, पण त्यात चार वेगळे प्रकार असतात आणि चारींचे हक्क वेगळे. नोटिशीच्या वरच्या दोन ओळीत कायद्याचं नाव असतंच, ते आधी वाचा.

एक, कायमचं भूसंपादन. हा २०१३ चा कायदा, १ जानेवारी २०१४ पासून लागू. जमीन कायमची जाते, मोबदला मिळतो. पुढचा बराचसा लेख याच्यावरच आहे.

दोन, अधिग्रहण म्हणजे तात्पुरता ताबा, १९५२ च्या कायद्याखाली. मालकी तुमचीच राहते आणि वापराबद्दल ठराविक रक्कम मिळत राहते, भाड्यासारखी. गोम अशी की त्या जमिनीवर सरकारनं स्वतःच्या पैशानं काही बांधलं असेल किंवा जमीन पूर्ववत करायचा खर्च अवाच्या सवा असेल तर त्याच कायद्यात पुढे ती कायमची घ्यायची सोय आहे. म्हणून ‘थोड्या दिवसांसाठीच आहे’ हे तोंडी ऐकून निवांत बसू नका. आणि तशी कायमची घेतलीच, तर मोबदल्याचा हिशोब २०१३ च्या कायद्याप्रमाणे व्हायला हवा, केंद्रानं २०१५ च्या आदेशानं तो याही कायद्याला लावलेला आहे.

तीन, गोळीबाराचा सराव. याला १९३८ चा वेगळाच कायदा. राज्य सरकार अधिसूचना काढून एखादा पट्टा ठराविक वर्षांसाठी सरावाला जाहीर करतं. जमीन तुमची, पीक तुम्हीच घेता, पण सरावाच्या दिवसात घरदार, गुरंढोरं बाहेर काढावी लागतात. नगरच्या के. के. रेंज या लष्करी सरावक्षेत्राचं प्रकरण ज्यांना माहीत आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको, राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यातल्या गावांनी हे पिढ्यानपिढ्या बघितलंय आणि वर संपादनाची टांगती तलवार वेगळी. या कायद्यात सरावामुळं पिकाचं, घराचं, विहिरीचं नुकसान झालं किंवा ठरलेल्या दिवसात शेतात जाता आलं नाही म्हणून तोटा झाला तर भरपाई मागता येते, आणि महसूल अधिकाऱ्यानं जागेवर येऊन ती ठरवायची असते. त्यामुळं सराव संपल्या संपल्या तलाठ्याकडं लेखी अर्ज, सोबत फोटो. महिन्याभरानं गेलात तर पुढचं पीक उभं राहिलेलं असतं, मग काय दाखवणार. आणि एक, शेतात न फुटलेला गोळा दिसला तर भंगाराच्या नादानं हात लावू नका, पोरांना तर जवळपास फिरकू देऊ नका, पोलिसांना कळवा.

चार, बांधकामावर बंदी. १९०३ चा कायदा. जमीन जात नाही, पैसेही सहसा मिळत नाहीत, पण दारूगोळ्याच्या कोठाराभोवती ठराविक अंतरात घर बांधता येत नाही. पुण्याकडं याला रेड झोन म्हणतात, देहूरोडच्या कोठाराभोवतीचं २००० यार्डांचं प्रकरण कित्येक वर्ष चाललंय. कायद्यात अशा बंदीमुळं झालेल्या नुकसानीची भरपाई मागायची सोय आहे, पण त्यासाठी रीतसर अधिसूचना निघालेली असावी लागते. म्हणून अधिसूचनेची प्रत मागा, ‘मिलिटरीची हद्द आहे’ एवढ्या तोंडी उत्तरावर परत येऊ नका.

नोटीस यायच्या आधीच सातबारा सरळ करा

हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. सातबारा अजून आजोबांच्या नावावर, आत्यांची नावं लागलेली नाहीत, चुलत्यांशी वाटप तोंडी झालंय, अशी अवस्था निम्म्या गावाची असते. पैसे वाटायची वेळ आली की हिश्शाचा वाद निघतो आणि मग रक्कम तुम्हाला न मिळता भूसंपादन प्राधिकरणाकडं (मोबदल्याचे वाद ऐकणारं कोर्टासारखं मंडळ) जमा होते, तिथून सोडवायला किती वर्षं लागतील हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून वारस नोंद आधी करून घ्या. बहिणीचा हक्क आहे तो आहे, हक्कसोड करून देणार असेल तर रजिस्टर करा, नाहीतर तिचं नाव लावा, पुढं कोर्टात भांडण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

एकदा २०१३ च्या कायद्यातल्या कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना निघाली की त्या जमिनीचा खरेदी-विक्रीचा व्यवहार करता येत नाही, नवीन बोजा चढवता येत नाही, खास परवानगी असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे वाटपपत्र, बक्षीसपत्र, जे काय करायचं ते त्याच्या आत.

फाईलमध्ये काय काय हवं: चालू सातबारा, आठ अ, जमीन कशी आली ते दाखवणारे सगळे फेरफार, गटाचा नकाशा, जुनी मोजणी झाली असेल तर ‘क’ प्रत (मोजणीचा अधिकृत नकाशा), वीजबिल, विहीर किंवा बोअरची नोंद, पाईपलाईनचं कर्जप्रकरण केलं असेल तर ते कागद. जमीन वर्ग २ ची (शासनाच्या परवानगीशिवाय विकता न येणारी) किंवा इनाम-वतनाची असेल तर मोबदल्यातून शासनाचा हिस्सा कापायचा विषय निघतो, त्याबद्दल आधीच तहसीलला विचारून ठेवा. कूळ म्हणून कुणी कसत असेल तर त्याचाही हक्क आहे, तो लपवायला जाऊ नका, सुनावणीत निघतोच.

आणि पीक पाहणी. बारमाही बागायत असून सातबाऱ्यावर गेली पाच वर्षं ज्वारी, बाजरी आणि पडीक असं लागलेलं असतं, कारण कुणी लक्षच देत नाही. मोबाईलवर ई-पीक पाहणी आहे, दर हंगामाला स्वतः भरा. जमीन जिरायत धरली की बागायत, यावर भावात केवढा फरक पडतो ते पुढं बघूच.

अधिसूचना निघाली, आता ६० दिवस

कलम ११ ची अधिसूचना राजपत्रात येते, दोन पेपरात येते (त्यातला एक मराठी), ग्रामपंचायत, तहसील, प्रांत, कलेक्टर ऑफिसला लागते आणि वेबसाईटवर टाकतात. पेपर कुठला निवडतील ते तुमच्या हातात नाही, त्यामुळं गावात एका तरण्या पोराला हे कामच द्या की दर आठवड्याला जिल्ह्याची वेबसाईट बघायची.

प्रसिद्धीपासून ६० दिवसांत कलम १५ खाली लेखी हरकत देता येते आणि सुनावणी मागता येते. ‘आमचा विरोध आहे, आम्ही देशोधडीला लागू’ एवढंच लिहिलेली हरकत एका ओळीत निकाली निघते, खोटं वाटेल पण छापील उत्तर तयार असतं. हरकतीत मुद्दे टाका. एवढीच जमीन का, कमी का चालत नाही. शेजारी गायरान किंवा सरकारी पड जमीन आहे का, असेल तर गट नंबरासकट लिहा. संरक्षण खात्याकडं देशभरात आधीच सुमारे १८ लाख एकर जमीन आहे, त्यातली तुमच्या जवळपास वापराविना पडलेली असेल तर नकाशावर दाखवा. बहुपिकी बागायत जमीन शेवटचा पर्याय म्हणूनच घ्यायची असं कलम १० सांगतं, ते लिहा. प्रत्येक खातेदाराची हरकत वेगळी द्या, सह्यांचं एक निवेदन दिलं तर ती एकच हरकत धरली जायची भीती असते. पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. पोच देत नसतील तर त्याच दिवशी रजिस्टर पोस्टानं पाठवा.

आता इथं दोन पाचर आहेत. पहिली, महाराष्ट्रानं २०१८ मध्ये दुरुस्ती करून कलम १०अ घातलं, त्यात देशाच्या सुरक्षेच्या आणि संरक्षणाच्या प्रकल्पांना अधिसूचना काढून सामाजिक परिणामांच्या अभ्यासातून आणि बागायत जमिनीच्या संरक्षणातून वगळता येतं. तुमच्या प्रकल्पासाठी तशी अधिसूचना निघालीय का ते विचारा, निघाली नसेल तर कलम १० चा मुद्दा जिवंत आहे. दुसरी पाचर जास्त मोठी, कलम ४०, म्हणजे तातडीचं कलम. संरक्षणासाठी ते वापरता येतं आणि त्यात हरकत-सुनावणीसकट बरेच टप्पे गाळता येतात, कलम २१ च्या नोटिशीनंतर ३० दिवसांनी ताबा घेता येतो. पण त्यालाही वेसण आहे. जागा लागेल तेवढी किमानच घ्यायची, आणि ताब्याआधी ८० टक्के रक्कम समोर ठेवायची. वर ७५ टक्के जादा मोबदलासुद्धा आहे, फक्त तिथं असं एक परंतुक आहे की देशाची अखंडता, सुरक्षा वगैरेशी संबंधित प्रकल्प असेल तर ते जादाचे देणं बंधनकारक नाही. लष्कराच्या प्रकरणात याच ओळीवर बोट ठेवलं जाणार हे धरून चाला, तरी मागणी लेखी करून ठेवा. दारूगोळ्याचं कोठार आणि क्वार्टर-कँटीनसाठीची जागा एकाच तराजूत कशी तोलणार, हा वाद वकिलाला घालता येतो.

मोजणीचा दिवस सोडू नका

संयुक्त मोजणीला भूमी अभिलेखचा माणूस असतो, भूसंपादनवाले असतात, संरक्षण संपदा कार्यालयाचा प्रतिनिधी असतो. तुम्ही नसाल तर तुमच्या गैरहजेरीत पंचनामा होतो आणि नंतर तोच पुरावा. लग्न असलं तरी घरातला एक माणूस बांधावर पाहिजे.

बघायचं काय: हद्दीचे दगड कुठं, क्षेत्र किती, पोटखराबा (न कसता येणारी जागा) म्हणून किती दाखवला, विहीर, बोअर, पाईपलाईन, ठिबक, शेततळं, गोठा, कांदाचाळ, घर, कंपाऊंड, आणि झाडं. झाडं जातवार मोजली पाहिजेत, आंबा इतका, वय इतकं, फळ धरतोय का. ‘इतर झाडे २५’ असं लिहिलं असेल तर सही करू नका, किंवा सही करायची तर वर लिहा की झाडांची जात आणि वय नोंदवलेलं नाही म्हणून हरकत आहे. फळझाडांचं मूल्यांकन कृषी खातं करतं, लाकडी झाडांचं वन खातं, घर-विहिरीचं बांधकाम खातं, तेव्हा तिन्ही पाहण्यांना हजर राहावं लागतं. आदल्या दिवशी मोबाईलवर जागेचे अक्षांश-रेखांश छापून येतात तसल्या कॅमेरा ॲपनं सगळ्याचे फोटो काढून ठेवा.

आणि हो, नोटीस आल्यावर रातोरात डाळिंबाच्या काड्या रोवणारे महाभाग प्रत्येक गावात निघतात. जुने उपग्रह फोटो आता कुणालाही मोबाईलवर दिसतात. एकाच्या काड्यांमुळं शेजाऱ्याच्या दहा वर्षांच्या बागेकडंसुद्धा अधिकारी संशयानं बघतो, हे वाईट.

जमिनीचा तुकडा जाऊन मधेच पट्टा उरत असेल, विहीर एकीकडं आणि रान दुसरीकडं राहत असेल, रस्ता तुटत असेल, तर कलम २८ खाली त्याची वेगळी भरपाई मागता येते. आपोआप देत नाहीत. घराचा अर्धा भागच संपादनात जात असेल तर पूर्ण घर घ्या अशी मागणी करता येते.

भावाचा हिशोब घरी मांडून बघा

कलम २६ प्रमाणे बाजारभाव ठरवताना रेडी रेकनरचा (मुद्रांकासाठी सरकारनं ठरवलेला) दर आणि मागच्या तीन वर्षांतल्या तशाच जमिनींच्या खरेदीखतांची सरासरी बघायची आणि जे जास्त असेल ते धरायचं. सरासरी पण सगळ्या खतांची नाही, जास्त किमतीच्या वरच्या निम्म्या खतांची. म्हणून दुय्यम निबंधकाकडून किंवा ऑनलाईन इंडेक्स २ (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) काढा, आपल्या आणि लगतच्या गावांचे, अधिसूचनेच्या आधीच्या तीन वर्षांचे. अधिकारी कुठली खतं धरतो आणि कुठली ‘तुलनायोग्य नाही’ म्हणून बाजूला टाकतो यावर सगळा खेळ आहे. अडचण अशी की गावोगावी खरेदीखत कमी किमतीचं करायची सवय, मुद्रांक वाचवायला, आणि ते वाचवलेले चार पैसे इथं दसपट होऊन जातात.

समजा बाजारभाव एकरी २० लाख ठरला. ग्रामीण भागात याला १ ते २ च्या मधला गुणक लागतो, तो किती लावला ते निवाड्यात (मोबदला ठरवणारा अंतिम आदेश) बघा. २ लागला तर झाले ४० लाख. त्यात विहीर, झाडं, पाईपलाईन यांचे समजा ३ लाख मिळवले, ४३. यावर १०० टक्के दिलासा रक्कम (सोलेशियम, सक्तीनं जमीन गेल्याबद्दलची जादा रक्कम), म्हणजे ८६ लाख. वर बाजारभावावर वर्षाला १२ टक्के, म्हणजे २० लाखांवर वर्षाला २ लाख ४० हजार, निवाडा होईपर्यंत किंवा ताबा घेईपर्यंत, जे आधी होईल ते. आता बघा, मोजणीत १ लाखाची विहीर सुटली तर तुमचे २ लाख गेले, कारण दिलासा रक्कम तिच्यावरही मिळते. आणि जिरायत धरून भाव २० चा १२ केला तर नुकसान ८ लाखांचं नाही, गुणक आणि दिलासा धरून ३२ लाखांचं आहे.

कलम २१ ची नोटीस आली की त्यात तुमचा हक्क आणि मागणी लिहून मागतात. तिथं आकडा लिहा, वर मांडला तसा, सोबत खरेदीखतं जोडा. ‘योग्य तो मोबदला मिळावा’ असं लिहिणं म्हणजे कोरा चेक सही करून देणं.

थेट खरेदीचा किंवा संमतीचा प्रस्ताव आला तर घाई नको. आकडा दिसायला मोठा असतो आणि पैसे लवकर मिळतात हे खरं, पण संमतीच्या करारावर सही केली की पुढं वाढीव मोबदला मागायचं दार बंद. आधी वरचा हिशोब, मग बोलणी.

निवाडा आणि ती सही

कलम १९ ची घोषणा प्राथमिक अधिसूचनेपासून १२ महिन्यांत आणि निवाडा त्या घोषणेपासून १२ महिन्यांत व्हायला हवा, नाहीतर प्रक्रिया रद्द होते, मुदतवाढीची सोय आहे ती वेगळी. तारखा वहीत लिहून ठेवा. निवाड्याची पूर्ण प्रत मागा, तुमच्या नावाची फक्त रकमेची चिठ्ठी नको, मूल्यांकनाचे तक्ते पण पाहिजेत. देत नसतील तर माहिती अधिकारात मागा. लष्कराचं आहे म्हणून गोपनीय असं उत्तर आलं तर अपील करा, तुमच्या आंब्याच्या झाडाचं मूल्यांकन हे काही लष्करी गुपित नाही.

पैसे घ्यायचे की नाही यावर गावात दोन तट पडतात. माझं मत स्पष्ट आहे, घ्या, पण पावतीवर आणि अर्जावर ‘हरकत राखून, अंडर प्रोटेस्ट स्वीकारत आहे’ असं स्वतःच्या हातानं लिहून मगच सही करा. हे लिहिलं नाही तर कलम ७७ प्रमाणे वाढीव मोबदल्याचा अर्ज करायचा हक्कच जातो. कारकून म्हणेल असं काही लिहिता येत नाही, फॉर्म खराब होतो. लिहिता येतं. तरी अडवलं तर आदल्या दिवशी तसं पत्र आवक विभागात देऊन पोच घ्या.

मग वाढीव मोबदल्यासाठी कलम ६४ चा अर्ज, जुन्या १८९४ च्या कायद्यात हे कलम १८ होतं म्हणून जुनी माणसं अजून याला अठराचा दावा म्हणतात. निवाड्याच्या वेळी तुम्ही किंवा तुमचा वकील हजर असाल तर निवाड्याच्या तारखेपासून सहा आठवडे. हजर नसाल तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यातलं जे आधी संपेल ते. कारण पटलं तर आणखी एका वर्षापर्यंत उशीर माफ होऊ शकतो, पण त्या भरवशावर राहू नका. वकील टक्केवारीवर नेमू नका, बार कौन्सिलच्या नियमात ते बसतही नाही, फी ठरवा आणि लिहून घ्या. पैसे जमा झाल्यावर सह्या केलेले कोरे चेक मागणारा दलाल दिसला तर सरळ उठून या.

अर्ज केलाच नाही आणि शेजाऱ्याला वाढीव मिळालं तर? त्याच अधिसूचनेतली जमीन असेल तर त्या निकालापासून तीन महिन्यांत कलम ७३ खाली तुम्हीही मागू शकता. जुन्या कायद्यात हेच २८अ होतं. कारवारच्या सीबर्ड नौदल तळासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांची २८अ ची प्रकरणं किती वर्षं रेंगाळली हे त्या भागातल्या माणसाला विचारा, तळाची पायाभरणी १९८६ ची आणि पैशाचा वाद पुढच्या पिढीपर्यंत. म्हणून हा मार्ग राखीव ठेवा, त्याच्यावर विसंबू नका.

ताबा गेला आणि पैसे नाहीत अशी वेळ आली तर पहिल्या वर्षी ९ टक्के आणि त्यानंतर १५ टक्के व्याज मागता येतं. मोबदल्याच्या रकमेवर कलम ९६ प्रमाणे आयकर लागत नाही, बँक किंवा कार्यालय टीडीएस कापायला लागलं तर आयकर खात्याचं २०१६ चं ३६ नंबरचं परिपत्रक दाखवा. व्याजावर मात्र कर लागू शकतो, ते सीएकडून बघून घ्या. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर त्यांचे पैसे आधी वळते होतात, त्यामुळं थकबाकीचा दाखला स्वतः काढून आकडा तपासा.

मजूर आणि घर गेलेले

जमीन नसलेला पण त्याच रानावर तीन वर्षांपासून पोट असलेला मजूर, वाटेकरी हेही कायद्यात बाधित कुटुंब आहेत. त्यांची नावं पुनर्वसनाच्या सर्वेक्षणात आली पाहिजेत आणि ती मालकानं सांगितल्याशिवाय सहसा येत नाहीत. नोकरी किंवा एकरकमी ५ लाख किंवा २० वर्षं महिना निदान २ हजार, विस्थापितांना वर्षभर महिना ३ हजार निर्वाह भत्ता आणि सामान हलवायला ५० हजार, हे कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. तातडीचं कलम लावलं असेल तर हे मिळणार का, हे कलेक्टरला लेखी विचारा.

उरलेल्या तुकड्याचा सातबारा

पैसे मिळाले की लोक ऑफिसचं तोंड बघत नाहीत आणि दोन-तीन वर्षांनी पीक कर्जाला गेल्यावर कळतं की पूर्ण गटच संरक्षण खात्याच्या नावावर चढलाय. कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातल्या बदलाची नोंद) भूमी अभिलेखकडून झालं का, आकारफोड (क्षेत्र आणि शेतसाऱ्याची विभागणी) झाली का, नवीन सातबाऱ्यावर उरलेलं क्षेत्र बरोबर आलं का, उरलेल्या रानाला जायचा रस्ता नकाशावर दाखवलाय का, हे ताबा दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत बघा. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज तहसीलला, सोबत निवाड्याची प्रत आणि मोजणीचा नकाशा, आणि परत तेच, पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.